कथा चालनी वं माय? : पहिल्या वहीपासून पाकिटापर्यंत

लग्न होऊन भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आले तेव्हा मला अहिराणी येत नव्हती. आमच्या कॉलनीत सगळी खिचडीच, अर्धी हिंदी अर्धी मराठी. पहिल्याच आठवड्यात पिशवी घेऊन दाराबाहेर पडत होते तर सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "कथा चालनी वं माय?" मी तिथेच गार, कारण पिशवीत खरंच कथा होती, कॉलेजात असताना लिहिलेली, चोरून पोस्टात टाकायला निघालेले. मला वाटलं ह्यांना कळलं. नंतर नणंद हसून हसून लोळली. अहिराणीत आथा म्हणजे इकडे, तथा म्हणजे तिकडे आणि कथा म्हणजे कुठे, म्हातारी बिचारी कुठे चाललीस एवढंच विचारत होती.

हे मी कॉलेजात पोरांना पहिलं सांगते, सगळे हसतात आणि वर्ग जरा सैल होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, १९५२ नंतर पहिल्यांदाच, तेव्हापासून आमच्याकडच्या कॉलेजांना लेखक बोलवायची जरा हौस आलीये, त्यात मीपण निघते. पण होतं काय की दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, परिचय (तोही चुकीचा, एकदा माझ्या नावावर तीन कादंबऱ्या वाचून दाखवल्या, मी एकही लिहिलेली नाही) यात पाऊण तास जातो, आणि माझी शेवटची एसटी सव्वापाचची. पोरं कथा कशी लिहायची याचे खरे प्रश्न घेऊन गेटपर्यंत येतात आणि बस सुटते. म्हणून हे गेटजवळचं सगळं एका जागी लिहून काढतेय. सरांना मात्र एक विनंती, लेखक येण्याच्या आदल्या दिवशी पोरांकडून प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्या, नाव न टाकता, आणि खुर्च्या गोल मांडा. मुली चिठ्ठीवर जे विचारतात ते माईकवर कधीच विचारत नाहीत.

आधी वही, पण डायरी नको

पहिला प्रश्न नेहमी तोच, मॅडम तुम्हाला सुचतं कसं. मला सुचत नाही. मला ऐकू येतं. दहा रुपयांची छोटी वही घ्या, खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी, मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण मोबाईल उघडला की आपण दुसरीकडेच जातो हा माझा अनुभव. दिवसाला एकच वाक्य लिहायचं, कुणाच्यातरी तोंडून ऐकलेलं, जसंच्या तसं. आपल्या मनातलं, आज मला खूप उदास वाटलं वगैरे, ते ह्या वहीत नाही, त्याला दुसरी वही करा.

कुठे ऐकायचं? एसटी स्टँड, पिठाची गिरणी, रेशनची लाईन, दवाखान्यातला बाक. दवाखाना सगळ्यात बेस्ट कारण तिथे माणसं तासतासभर बसतात आणि अनोळखी माणसाशी खरं बोलतात.

वाक्याखाली तीन गोष्टी लिहायच्या. कुणाला म्हटलं, तेव्हा हातात काय होतं, आणि काय म्हटलं नाही. तिसरी महत्त्वाची. एक नमुना देते, माझ्या जुन्या वहीतला. भुसावळ स्टेशन, रात्रीचे साडेनऊ, माझ्या शेजारी बाकावर पन्नाशीचा माणूस, पायाशी रिकामी पिशवी. फोन वाजला, उचलला आणि म्हणाला, "हो, हो, पोचलो घरी, जेवलोबी." फोन ठेवला, पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. गाडी कुठलीच लागलेली नव्हती.

बस, एवढंच. आता हे वर्गात सांगितलं की पोरं लगेच सुरू होतात, मॅडम त्याचं अफेअर असेल, मॅडम त्याची नोकरी गेली असेल. मी म्हणते थांबा, आधी हे सांगा की फोनवर कोण होतं. बायको असेल तर एक कथा, आई असेल तर वेगळी, आणि मुलगी असेल, होस्टेलवरून फोन करणारी, तर अजूनच वेगळी. जेवलोबी हे त्याने कुणी न विचारता सांगितलं असेल का? माणूस खोटं बोलताना एक गोष्ट जास्तीची सांगतो, त्या जास्तीच्या गोष्टीत कथा असते बहुतेक वेळा.

महिनाभर असं करा. तीस वाक्यं होतील, त्यातली पंचवीस टाकाऊ निघतील, निघू देत.

घटना आणि कथा यात गल्लत

पोरांच्या कथा मी वाचते, कॉलेजवाले गठ्ठा हातात देतात, त्यातल्या बहुतेकांत भयंकर काहीतरी घडतं. बाप गळफास घेतो, अॅक्सिडेंट होतो, पुरात घर जातं. शेवटी पाऊस पडतो. मी त्यांना दोष देत नाही, आपल्याकडे हे सगळं घडतं, पेपर उघडला की दिसतं. पण पेपरात जे आलं तेच तुम्ही परत लिहिलंत तर मी पेपरच वाचेन की.

माझी कसोटी अशी आहे : ह्या माणसाला काय हवंय, आणि ते त्याला तोंडाने का मागता येत नाही? ह्या दोन्हीची उत्तरं एकेका ओळीत आली नाहीत तर अजून कथा हातात नाही, फक्त घटना आहे, वहीत राहू द्या.

एकच उदाहरण पुढे शेवटपर्यंत वापरते म्हणजे नीट कळेल. आमच्या घरी कापूस. दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू व्हायची, बायका सकाळी येणार, कमरेला ओटी बांधणार, संध्याकाळी खळ्यात काटा लागणार, वेचणीचे पैसे किलोवर. मी बँकेत कॅशियर, म्हणजे तालुक्याच्या गावी, पण रविवारी आणि सुट्टीला वजनं लिहायला मलाच बसवायचे, कारण माझे आकडे बरे. काटा म्हणजे तो लटकवायचा स्प्रिंगचा. सालदार आकडा ओरडून सांगणार, मी लिहिणार, सासूबाई शेजारी बाजेवर बसून बघणार. गाठोड्यात वजन वाढवायला काहीबाही टाकायच्या युक्त्या सगळ्यांना माहीत, कुणी दवाचा ओला कापूस खाली दाबतं, कुणी कच्चं बोंड टाकतं. एक दिवस एका बाईच्या गाठोड्यातून दगड निघाला. बऱ्यापैकी मोठा, दोन मुठींएवढा. सासूबाईंनी गाठोड्यात हात घातला, तो काढला, बाजेखाली सरकवला, आणि मला म्हणाल्या, "लिख. बावीस." काट्याने बावीसच दाखवले होते, दगडासकट. बाई काही बोलली नाही, सासूबाईपण नाही, मी बावीस लिहिले.

ही झाली घटना. मला वाटलं कथाच मिळाली, रात्री बसून लिहून काढली. वाईट झाली. का झाली ते पुढच्या पायरीत.

कुणाच्या डोळ्यांनी

मी ती माझ्याच डोळ्यांनी लिहिली होती. सून बघतेय, सासू किती मोठ्या मनाची, गरीब बाई किती लाचार. दोन महिन्यांनी वाचली तर लक्षात आलं की ही आमच्याच घराची आरती झालीये. वावर आमचं, काटा आमचा, दर आम्ही ठरवलेला आणि वर मोठं मनपण आमचंच! लाज वाटली मला.

मग काय करायचं, तर हे करा, प्रत्येक कथेला करा, कंटाळा आला तरी. त्या जागी हजर असलेल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांनी दहा-दहा ओळी लिहायच्या. ती बाई. सासू. आकडा ओरडणारा सालदार (त्याने गाठोडं उचललं तेव्हाच त्याला कळलं असणार, तो का गप्प?). आणि त्या बाईची पोरगी, अकरा-बारा वर्षांची, रविवार म्हणून आईबरोबर आलेली. लिहिताना एकच नियम, त्या माणसाला जे माहीत नाही ते लिहायचं नाही. पोरीला दर माहीत नाही, घरातली उधारी माहीत नाही, दगड कधी टाकला तेही कदाचित माहीत नाही.

चार जणांच्या दहा-दहा ओळी झाल्या की आपोआप कळतं पेन कुठे पळतं. माझं पोरीकडे पळालं. बाईच्या डोळ्यांनी लिहिताना मी सारखी तिच्या मनात अपराधीपणा भरत होते, जो तिला वाटत होता की नाही मला काय ठाऊक? कदाचित तिला वाटत असेल की महिनाभर काट्यात मारतात तर एक दिवस मी मारला.

सुरुवात : पहिलं पान फाडा

इथे फार बोलत नाही. पहाट, कोंबडा, सूर्य मावळतीला, अलार्म वाजला, तिने डोळे उघडले, ह्यापैकी कशानेही कथा सुरू होत असेल तर ते पान काढून टाका आणि जिथे पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी करतं तिथून सुरू करा. माझाच पहिला खर्डा दाखवते :

"सूर्य मावळतीला चालला होता. पाखरं घरट्याकडे परतत होती. दिवसभर उन्हातान्हात राबून थकलेल्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन खळ्याकडे येत होत्या. त्यातल्याच एकीच्या डोळ्यांत आज अपराधीपणाची छटा होती. परिस्थितीने तिच्यावर ही वेळ आणली होती."

आणि सहाव्या खर्ड्यातलं :

"काट्यावर आईचा नंबर चौथा होता. तिसरीचं गाठोडं उतरलं तरी आई पुढे सरकली नाही. पोरीला म्हणाली, जाय, आज तू लटकाव. पोरीने दोन्ही हातांनी उचललं. ते कापसासारखं लागलं नाही."

वरच्यात पाच वाक्यं आहेत आणि तुम्हाला दिसतं काहीच नाही, पाखरं तर मी खळ्यात कधी बघितलीच नव्हती, सवयीने आली. खालच्यात अपराधीपणा हा शब्द नाही, पण आई पोरीला पुढे करते, म्हणजे बघा ती काय करतेय. दगड हा शब्दसुद्धा अजून आलेला नाही. वाचणाऱ्याला हातात वजन लागलं की पुरे.

बोलीचं काय करायचं

हा प्रश्न धुळे-नंदुरबारकडे जास्त येतो. मॅडम, अहिराणीत लिहिलं तर पुण्याचे लोक वाचतील का. मला हा प्रश्नच जरा टोचतो, पण पोरांना टोचून उपयोग नाही, ती खरंच अडलेली असतात.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आसोद्याच्या त्या, जळगावच्या घरात नि वावरात काम करता करता म्हणायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवून घेतलं म्हणून राहिलं. १९५१ ला त्या गेल्या, पुस्तक १९५२ ला आलं, आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या कुणी वाचेल का विचारत बसल्या असत्या तर! पण मी हेही सांगते की कविता कानाने जाते, कथेत वाचणाऱ्याला पानामागून पान चालायचं असतं, तो सारखा अडखळला तर पुस्तक मिटतो.

माझा हिशोब असा. निवेदन कोण करतंय ते ठरवा. पोरगी स्वतः सांगत असेल तर सगळं तिच्याच बोलीत हवं. बाहेरून सांगत असाल तर निवेदन साध्या मराठीत, पण बोलणं ज्याचं त्याच्या तोंडचं. कंसात अर्थ द्यायचे नाहीत, त्याने कथा पाठ्यपुस्तक होते. "लिख. बावीस" ह्यात कुणाला काय अडतं? प्रसंग शब्दाचा अर्थ सांगतो. आणि एक खोड काढून टाका, मास्तर-डॉक्टर-हिरो प्रमाण भाषेत बोलणार आणि मोलकरीण, सालदार, विनोदी म्हातारी तेवढे बोलीत. आपल्याकडे डॉक्टरपण घरी अहिराणीत भांडतो.

दुसरं म्हणजे बोली एक नाही. बोरीकाठची अहिराणी आणि धुळ्याची यात फरक, यावल-रावेरची लेवा बोली निराळी, जामनेरकडे तावडी, सातपुड्यात वर गेलं की पावरी-भिलोरी, त्या तर वेगळ्याच. मी लग्नानंतरचं सगळं आयुष्य अमळनेरात काढूनही रावेरच्या केळीवाल्याच्या तोंडी अहिराणी घातली होती एकदा, तिकडच्या एका वाचक बाईंनी पोस्टकार्ड टाकून चांगलं झापलं. तेव्हापासून संवाद लिहिला की त्या भागातल्या माणसाला फोन करून मोठ्याने वाचून दाखवते, लिहून पाठवत नाही, वाचूनच, कारण चूक कानाला कळते.

वेळ कुठून आणायचा

मुलींच्या चिठ्ठीवर हाच प्रश्न असतो, वेगवेगळ्या शब्दांत. घरचे लिहू देतात का. लग्नानंतर लिहिता येतं का. एका चिठ्ठीवर नुसतं "तुम्ही कुठे बसून लिहिता" असं होतं, तो मला सगळ्यात खरा प्रश्न वाटला.

मी स्वयंपाकघरात, धान्याच्या कोठीवर वही ठेवून, उभ्याने लिहायचे. बसलं की कुणीतरी हाक मारतं, उभं असलं की काम चाललंय असं वाटतं लोकांना. बँकेत जेवणाच्या सुट्टीत रद्दी झालेल्या स्लिपांच्या पाठीवर लिहायचे, एका स्लिपवर सात-आठ ओळी मावतात, आणि त्याचा फायदा असा झाला की माझी वाक्यं आखूड झाली. सासूबाईंनी एकदा विचारलं, काय लिहित राहते एवढं, मी म्हटलं हिशोब. तो हिशोब पुढे नऊ वर्षं चालला. म्हणजे भुसावळच्या बाकावरचा तो माणूस आणि मी, फार फरक नाही.

प्रॅक्टिकल सांगायचं तर रोज दोन तास वगैरे ठरवू नका, मोडतं आणि मग वाईट वाटतं. रोज अर्धं पान. पहिला खर्डा सलग लिहून संपवायचा, मागे वळून दुरुस्ती करायची नाही, आणि मध्येच अडकलात तर तिथे "इथे काहीतरी होतं" एवढं लिहून पुढे जायचं. खरं सांगते, माझ्या निम्म्या कथांत ते काहीतरी शेवटपर्यंत लागलंच नाही.

घरच्या माणसांवर लिहावं का

ह्यावर मी थोडी जास्त बोलणार आहे कारण माझे हात पोळलेत.

२००५ मध्ये वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क आला, आणि आमच्याकडे काय झालं तर बहिणींना हक्कसोडपत्रावर सह्या करायला न्यायची घाई लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके, गौराई, सांजोऱ्या, आणि त्याच चार दिवसांत एक सकाळ रजिस्ट्रारच्या ऑफिसात. आमच्या घरातल्या आत्या, माझ्या सासऱ्यांच्या बहीण, त्यांचंही तसंच झालं. मी त्यावर कथा लिहिली. गाव बदललं, नाव बदललं, दिवाळी अंकात छापून आली, लोकांनी कौतुक केलं. त्यात शेवटी आत्या रिक्षात बसून येताना पदराने डोळे पुसते आणि भाऊ खिडकीबाहेर बघतो.

कुणीतरी अंक आत्यांच्या गावी नेऊन दिला. पुढच्या आखाजीला त्या आल्या, माझ्याशी एक शब्द नाही. त्याच्या पुढच्या आखाजीलाही नाही. तिसऱ्या वर्षी मी खापरावरच्या पोळ्या करत होते, त्या चुलीजवळ पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू लिखं ते बठ्ठं खरं शे. पन मना डोयामा पानी नव्हतं."

मग सांगितलं. सही करून निघाल्यावर त्यांनी भावाला रिक्षा थांबवायला लावली होती, रसवंतीवर. दोन ग्लास रस प्यायल्या, बर्फ टाकून, आणि पैसे भावाला द्यायला लावले. एवढंच.

मला दोन वर्षं वाटत होतं की घरातली गोष्ट बाहेर काढली म्हणून त्या चिडल्यात. त्या चिडल्या होत्या मी त्यांना रडवलं म्हणून. संग्रह निघाला तेव्हा मी शेवट बदलला, रस आला, पदर गेला.

तर ह्यातून करायचं काय ते सांगते. एक, खऱ्या माणसाचं गाव, व्यवसाय आणि वय तिन्ही बदला, नुसतं नाव बदलून भागत नाही, आपल्याकडे तीन गावं सोडूनपण ओळखतात. दोन, माणसाची अडचण बदलू नका, ती बदलली तर लिहायचंच कशाला. तीन, ज्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलंय त्याला छापायच्या आधी सांगा, वाचून दाखवा, परवानगी मागितल्यासारखं नाही पण कानावर घाला, कदाचित तुम्हाला रसाचे दोन ग्लास आधीच मिळतील. आणि चार, मैत्रिणीवर, होस्टेलमधल्या मुलीवर लिहिताना दहा वेळा विचार करा, तुमची कथा छापून येईल आणि तिला त्याच कॉलेजात अजून दोन वर्षं काढायचीत. काही गोष्टी मी वीस वर्षं वहीत ठेवल्यात, तिथेच राहतील.

शेवट

कापसाच्या कथेचे मी तीन शेवट लिहिले. पहिल्यात सासू बाईला माफ करते, तो आरतीवाला. दुसऱ्यात पोरगी रात्री आईला जाब विचारते आणि दोघी रडतात, तो तर मी स्लिपेवरच फाडला. तिसरा असा, की दुसऱ्या दिवशी पोरगी मालकाच्या घरी प्यायला पाणी मागायला येते, आणि बघते तर तो दगड दाराला लावलेला आहे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. म्हातारी पाणी देते. पोरगी पिते. संपलं.

वर्गात ह्यावर भांडण होतं आणि मला ते फार आवडतं. निम्मे म्हणतात म्हातारी चांगली, दगड कामाला लावला, विषय संपवला. निम्मे म्हणतात नाही, मुद्दाम दिसेल असा ठेवलाय, धाक म्हणून. एक मुलगा म्हणाला की मॅडम, म्हाताऱ्या माणसाला दगड लागतच असतो, तिने विचारच केला नसेल. मला स्वतःला उत्तर माहीत नाही. सासूबाई तर गेल्या.

एवढंच बघा की शेवटच्या ओळीत तुम्ही वाचणाऱ्याला समजावून सांगताय का. सांगत असाल तर ती ओळ खोडा, मग त्याच्या वरची वाचा, तीही समजावत असेल तर तीही खोडा.

मुरवणे आणि खोडणे

मृगात लिहिलेली कथा पोळ्याला वाचायची, मध्ये उघडायची नाही. साधारण अडीच महिने होतात, तोवर आपण जरा परके होतो. मग मोठ्याने वाचायची, शक्यतो अशा माणसाला जो पुस्तकं वाचत नाही, आणि तो कुठे मोबाईल काढतो तिथे पेन्सिलने खूण करायची. माझे खोडायचे शब्द ठरलेले आहेत : अचानक, नकळत, क्षणभर, जणू, कुठेतरी आत, काळजात चर्र झालं. डोळ्यांच्या कडा ओलावल्या हे तर दिसलं की खोडाच. हल्ली पोरं मोबाईललाच कथा लिहायला सांगतात आणि मला वाचायला देतात, मला दुसऱ्या परिच्छेदात कळतं, कारण त्यात कडा ओलावतातच.

पाठवायची कशी

दिवाळी अंक ही आपल्याकडची जुनी सोय, १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाने पहिला काढला, अजून चालू आहे. पण दिवाळी अंक म्हणजे दसऱ्याला पाठवायचं असं समजू नका, तेव्हा अंक छपाईला गेलेला असतो. साधारण मे ते जुलैत साहित्य मागवतात, आधी फोन किंवा मेल करून विचारा की शब्दमर्यादा किती. अडीच ते चार हजार शब्दांत नव्या माणसाची कथा बसली तर संपादकालाही सोपं जातं.

टाइप युनिकोडमध्ये करा, सोबत पीडीएफ जोडा. पीडीएफ कशाला, तर प्रेसवाले अजून बरेचदा त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतात आणि त्यात जोडाक्षरं फुटतात, आपली अहिराणी तर हमखास. "ऱ्हायनी" लिहिताना साधा र घेतला तर तो ह च्या डोक्यावर जाऊन बसतो, कीबोर्डवर खाली नुक्ता असलेला ऱ वेगळा असतो तो घ्या. प्रुफं मागा, मिळतीलच असं नाही, पण मागा.

एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. तीन-चार महिने वाट बघा, उत्तर नाही आलं तर कथा परत घेतोय असं दोन ओळींत कळवा आणि मग दुसरीकडे. एक रजिस्टर करा : कथेचं नाव, कुठे, कधी, काय उत्तर, मानधन. आणि कथा लिहिल्याक्षणी तुमची असते, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, नोंदणी लागत नाही, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं, त्यामुळे कुणी सर्व हक्क द्या म्हणालं तर सही करायच्या आधी वाचा. हक्कसोडपत्रं घरात कमी आहेत का?

स्पर्धेला प्रवेश फी मागत असतील, किंवा प्रातिनिधिक संग्रहात घेतो पण पाच प्रती विकत घ्या म्हणत असतील, तर नाही म्हणा. मी एकदा घेतल्या आहेत. आडनाव चुकवलं होतं, पाचही प्रतींत.

पैसे मिळतात का, हा शेवटचा प्रश्न, मुलं विचारतात आणि मुली ऐकतात. थोडे मिळतात, कधी मिळत नाहीत, नुसता अंक येतो, घर चालत नाही, नोकरी किंवा शेती ठेवा. माझं पहिलं मानधन मनीऑर्डरने आलं होतं, दीडशे रुपये. मी नेमकी रजेवर, घरात, पण मागे धुणं धूत होते. पोस्टमनने ओट्यावरूनच हाक मारली, सूनबाईंचे लिहिल्याचे पैसे आले म्हणून. मी हात पुसत पुढे आले तोवर सासूबाईंनी कुपन हातात घेतलं होतं, उलटंच धरलेलं, वाचता येत नव्हतं त्यांना. माझ्याकडे बघितलं, पोस्टमनकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हिशोब लिखाना बी पैसा भेटतस का वं?"

मी म्हटलं, हो.